मंजुळाबाईंची शीर

मी चेहरे विसरते. आमच्या दापोडीच्या गल्लीत यावरून मला शिष्ट म्हणतात, म्हणोत बापडे. पण एकदा सुई घातलेली शीर मी विसरत नाही. सतरा वर्षं रक्त काढतेय. कोणाची शीर सुई बघून पळते, कोणाची वरून टपोरी दिसते आणि आत काहीच नसतं, कोणाची ऐन कोपरात वळसा घेऊन फसवते, हे सगळं माझ्या बोटांना पाठ असतं. म्हणून जानेवारीत मंजुळाबाईंनी बाही वर करून उजवा हात पुढे केला, तेव्हा माझी बोटं जागीच थांबली.

आधी आमचं काम काय ते सांगते. थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे, टाइल्सच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची संस्था आहे. आम्ही तिथे रक्त साठवतो. कोणाला चढवायला नाही, अभ्यासाला. ज्यांचं शरीर स्वतःवरच उलटतं, अशा माणसांचं रक्त. ल्युपस म्हणा, आमवात म्हणा. कुंपणानंच शेत खायला घेतल्यावर राखण कोण करणार, तसला हा आजार. पेशंट दर तीन महिन्यांनी येतो, मी चार नळ्या भरते. त्या मशीनमध्ये गरगर फिरवल्या की वर पिवळं पाणी सुटतं. ते बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. कुपीवर नाव नसतं, फक्त नंबर.

सहा फ्रीझर आहेत. दार उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरते आणि आतलं काहीतरी बारीक कुरकुरतं. दोन वर्षांत आमचे नऊ पेशंट वारले. त्यांच्या कुप्या तशाच आहेत, जित्या माणसांच्या कुप्यांना खेटून. बघून कळत नाही कोण आहे आणि कोण गेलं. मी दार हळूच लावते, झोपलेल्यांच्या खोलीचं लावावं तसं. नव्या पोरी हसतात. हसा म्हटलं, जरा वर्षभर काढा इथे, मग बोलू.

तिसऱ्या फ्रीझरमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्याही कुप्या आहेत. रश्मी, सव्वीस वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, मग सांधे धरले, मग डॉक्टर म्हणाले ल्युपस. आई-पप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. तिची स्टेरॉइडची गोळी चालू आहे म्हणून तिची किडनी चालू आहे, इतकं साधं गणित. पण त्या गोळीनं तोंड पुरीसारखं फुगतं. रश्मी आरशासमोरून जाताना मान खाली घालते.

तर मंजुळाबाई. मूळच्या बीडकडच्या, चाकणला गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या कंपनीत कामाला. दीड-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायच्या. ल्युपस जुना, सुया खाऊन खाऊन उजव्या कोपरातली शीर सुतळीसारखी टणक झालेली. तिथून थेंब यायचा नाही. मी नेहमी डाव्या हाताच्या पंजावरून, बारीक सुईनं रक्त घ्यायचे. नियम असा की पेशंटला नंबरानं बोलवायचं. मी असले नियम पाळत नाही. "मंजुळाबाई, जेवलात का?" असं विचारूनच मी पट्टा बांधायचे.

त्या दिवशी त्यांनी उजवा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "इथनंच घ्या की."

मी बोट ठेवलं. शीर मऊ होती, भरलेली, जित्या गांडुळासारखी बोटाखाली हलणारी. त्यावर सुईचा एकसुद्धा व्रण नव्हता. मी डावा पंजा उलटा करून पाहिला. तोही कोरा. गालांवरचे चट्टेही गेलेले. सुई घातली तर नळी भराभर भरली.

"मंजुळाबाई, ही शीर बरी कशी झाली?"

"झाली," एवढंच त्या म्हणाल्या.

मेलेली शीर परत येत नाही. हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही, हातांनी शिकलेय मी. त्या गेल्यावर मी बेसिनवर दोनदा हात धुतले तरी ते मऊ हलणं बोटांवरून जाईना.

फेब्रुवारीत तपासणी झाली आणि आमचे सुजित सर, साठ्याचं सगळं तेच बघतात, मंजुळाबाईंच्या नंबराचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. चेहरा असा की पोरगं पास झालं असावं. "भाग्यश्रीताई, चारशे बाराचं रक्त साफ आहे. स्वतःवर उलटणारं काही म्हणजे काही शिल्लक नाही. असं होत नाही हो!" त्यांना शंका आली म्हणून त्यांनी कुप्या अदलाबदल झाल्या का ते पाहिलं. मग जुन्या कुपीचा आणि नव्या कुपीचा डीएनए जुळवून घेतला. तंतोतंत जुळला. बाई तीच.

मी शिरेचं बोलले नाही. का नाही बोलले? कारण मला ते खरं हवं होतं. एक माणूस बरा झाला म्हणजे दुसरा होऊ शकतो. तिसऱ्या फ्रीझरमधला तो दुसरा माणूस माझा होता.

एप्रिलमध्ये मंजुळाबाई परत आल्या. तीच मऊ शीर. मी पट्टा सोडता सोडता विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत हो?"

"गोळ्या? त्या कवाच बंद केल्या. एक बी न्हाई."

आमच्यात खोलीतलं खोलीत ठेवायची शपथ असते. मी ती त्याच संध्याकाळी मोडली. चहा गाळता गाळता रश्मीला म्हणाले, "अगं, आमच्याकडे एक बाई पूर्ण बरी झाली. गोळ्यासुद्धा बंद." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला फक्त तिचं तोंड एकदा उजळलेलं बघायचं होतं. उजळलं. किती दिवसांनी ती खळखळून हसली होती.

मे महिन्यात रश्मीचं तोंड उतरू लागलं. गालाची हाडं दिसायला लागली, जुनी रश्मी परत आली. मी वेडी, खूश झाले. मग एक दिवस तिच्या पायाचा अंगठा चपलेत जाईना. पाय सुजले होते. मी घर उलटंपालटं केलं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गोळ्यांची पाकिटं निघाली, एकही न फोडलेली. अठरा दिवसांच्या गोळ्या.

मी ओरडले, रडले, तिला डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजपासून गोळी सुरू झाली नाही तर किडनी माझ्या हातात राहणार नाही." रश्मीनं त्यांच्यासमोर मान डोलावली. घरी आल्यावर गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकली.

"डॉक्टर सगळे हेच म्हणतात, जन्मभर खा," ती म्हणाली. "त्या बाईला कोणी बरं केलं? गोळ्यांनी? तूच सांगितलंस ना मला?"

"मी मूर्ख आहे म्हणून सांगितलं."

"मग त्या बाईला आण माझ्यासमोर. तिनं सांगितलं घे, तर घेते. तुझ्यावर नाही विश्वास आता."

पेशंटचे पत्ते कुलपात असतात, किल्ली सुजित सरांकडे. पण मंजुळाबाईंचा फॉर्म मीच भरला होता. महाळुंगे, वजनकाट्याच्या मागे, पत्र्याच्या खोल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि निघाले. भोसरीहून चाकणची बस, पुढे शेअर रिक्षा. दोन्हीकडे कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा आणि डोक्यावर बाराचं ऊन.

वजनकाट्यामागे दहा-बारा खोल्या एका ओळीत होत्या. सगळी दारं बंद. भर दुपारी इतकं सामसूम की माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला. नंतर ध्यानात आलं, नाईट शिफ्ट करून सगळे झोपलेले. दारांच्या आत माणसं होती, पण कूलरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. टोकाच्या नळावर एक म्हातारी भांडी घासत होती.

"मावशी, मंजुळाबाई कुठे राहतात?"

तिनं हात थांबवला. "कोन मंजुळा? ती तर गेली की."

"गावाला?"

"गावाला न्हाई माय. वारली. दिवाळी झाली अन् आठ दिवसांत."

मी म्हणणार होते की मावशी, तुमचा घोळ होतोय, मी गेल्याच महिन्यात त्यांचं रक्त काढलंय. तेवढ्यात चौथ्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यात मंजुळाबाई उभ्या होत्या. केस मोकळे, झोपेतून उठलेल्या.

"या की ताई," त्या म्हणाल्या. "उनात का थांबलाव?"

आई गं! म्हातारी काहीच न झाल्यासारखी भांडी घासत होती. मला पळायचं होतं, पण पळाले असते तर रश्मीला काय सांगितलं असतं? मी आत गेले.

आत समोरच्या भिंतीवर फोटो होता. चंदनाचा हार, खाली उदबत्तीची राख. फोटोत मंजुळाबाई होत्या आणि फोटोखाली, स्टोव्हला पंप मारत, मंजुळाबाई बसल्या होत्या. चेहऱ्याकडे बघायची माझी छाती होईना. मी हाताकडे बघितलं. उजव्या कोपरात ती मऊ, निरोगी शीर निळसर दिसत होती.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

पंप थांबला. "केसर. तिच्या मागनं झालेली. दोघींत घटकेचं बी अंतर न्हाई."

जुळ्या! डीएनए जुळणारच की. सुजित सरांचं मशीन फसलं, संस्था फसली, माझा एक हात तेवढा पहिल्या दिवसापासून सांगत होता आणि मी त्याचं ऐकलं नाही.

केसरबाई बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता. दोघी बहिणी गावाहून आल्या तेव्हा ठेकेदाराकडे एकच जागा होती, एकच गेटपास. पास मंजुळाच्या नावाचा. एक दिवस ही जायची, एक दिवस ती. तोंड एकच, सुपरवायझरला काय कळतंय? एकीला ताप आला तर दुसरी, एकीला गावी जायचं तर दुसरी. नऊ वर्षांत त्या पासवर एक खाडा नव्हता. सगळ्या लाईनीत तसा एकच पास. आजारपण आलं ते मंजुळाला आलं, केसरला नाही. मग केसरच जास्त जायची.

"तिनं तुमच्या कागदावर अंगठा दिलता," केसरबाई म्हणाल्या. "पाच वर्षं येते म्हणून. मरताना मला म्हणली, कंपनीचा खाडा नको अन् थेरगावचा बी नको. म्हणून येऊ लागले. कंपनीत तर मी पासावर मंजुळाच हाय, पण तिथं कोणी नावानं बोलीत न्हाई, लाईनीच्या नंबरानं बोलतात. तुम्ही बोलता. मंजुळाबाई, जेवलात का, म्हणता. तेवढा वेळ ती असती."

"आणि गोळ्या? तुम्ही म्हणालात कवाच बंद केल्या!"

"तिनंच बंद केल्या. बरं वाटू लागलं तिला. म्हणली, आता कशाला."

माझा जो काही तोल सुटला म्हणता! "अहो बाई, तुमच्या त्या एका वाक्यानं माझी बहीण मरायला टेकलीय!" मी त्या बंद दारांच्या ओळीत ओरडले. "तुम्हाला खाड्याची पडलीय!" शेजारच्या पत्र्यामागे कोणीतरी कूस बदलली. मग मला माझीच लाज वाटली. वाक्य तिचं होतं, पण ते घरी कोणी नेलं होतं? मी रडत रडत सगळं सांगितलं. रश्मीचे पाय, बिस्किटांचा डबा, मोरीत थुंकलेली गोळी. "तुम्ही फक्त चला आणि तिला सांगा की तुमची बहीण वारली. एवढंच."

केसरबाईंनी मान हलवली. "तेच तर निघत न्हाई माझ्या तोंडातनं. सहा महिने झाले. गावाला फोन केला, तवा बी त्या नळावरच्या म्हातारीनंच सांगितलं. मी बोलाया गेले की जीभ आत ओढती."

मी हात जोडले. खरंच जोडले, कोणापुढे कधी न जोडणारी मी. त्यांनी उठून पेटी उघडली आणि एक निळी साडी काढली. ती साडी माझ्या ओळखीची होती. मंजुळाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तीच नेसून आल्या होत्या.

दापोडीला पोचेपर्यंत चार वाजले. रश्मी कॉटवर उशीला टेकून बसली होती. एका रात्रीत तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. निळ्या साडीतली, स्वच्छ चेहऱ्याची बाई बघून ती हरखली. हात पुढे करून तिनं बसायला जागा केली.

"तुम्हीच ना त्या? माझी ताई सांगत होती. तुम्ही गोळ्या सोडल्या ना?"

"सोडल्या," केसरबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडणार होते. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मी मंजुळा," त्या म्हणाल्या. आवाजसुद्धा बदलला, मंजुळाबाईंचा थोडा घोगरा होता, तसा झाला. खोटं नाही सांगत, मी दाराची कडी धरून उभी राहिले. "मला बी तोंड फुगल्याचं लई वाईट वाटायचं. सोडल्या अन् तोंड उतरलं. लई खूश झाले. मग पाय सुजले. तुझे सुजलेत तसे. केसर म्हणली दवाखान्यात चल. मी म्हणलं, दिवाळी होऊ दे."

रश्मीचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"मग लघवी बंद झाली. रात्री आडवं पडलं की पाण्यात बुडाल्यावानी व्हायचं. सकाळी केसरनं मला रिक्षात घातलं. मोशीच्या पुढं सगळं जाम. पुढं कंटेनर, मागं कंटेनर. केसर खाली उतरून एकेकाच्या काचेवर थापा मारू लागली, गाडी सरकवा, गाडी सरकवा. मी मागं एकटी व्हते. रिक्षावाल्यानं रेडिओ बंद केला. मला तिला हाक मारायची व्हती, पण श्वास पुरला न्हाई." त्यांनी रश्मीच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला. "ती परत आली तवा मी मेलेली व्हते."

रश्मीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या चेहऱ्याकडे, मग परत माझ्याकडे. मी फक्त मान हलवली. तिनं स्वतः हात लांब करून खिडकीतलं पाकीट घेतलं. पहिली गोळी खाली पडली. दुसरी तिनं पाण्याशिवायच गिळली, मग तांब्याभर पाणी प्यायली आणि तोंड उघडून मला दाखवलं, लहान असताना दाखवायची तसं.

"चप्पल घाल, दवाखान्यात भरती व्हायचंय," मी म्हणाले. ती लगेच उठली. उठता उठता तिनं त्या बाईचा पदर धरला.

"आणि केसर? तिचं काय झालं?"

बाईंचा आवाज अजून तोच घोगरा होता.

"ती हाय की. पण तिची बी बोटं दोन महिने झाले, सकाळची वळत न्हाईत. पांढरी पडत्यात. लाईनीवर वायर धरता येईना तिला. ती सांगत न्हाई कोणाला, भेती. तुम्हीच इचारा तिला."

मी त्यांचा हात ओढून माझ्या हातात घेतला. मे महिन्याच्या त्या उकाड्यात बोटं बर्फासारखी गार होती, नखांखाली पांढरीफटक, ल्युपसच्या पेशंटांची होतात तशी. मी ती दोन्ही तळव्यांत दाबून धरली.

"केसरबाई," मी म्हणाले, "कधीपासून दुखतंय?"

त्या हमसून हमसून रडायला लागल्या. मी त्यांच्याही पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा बोलावली.